नांगराचं जनुक आणि मामाची मुलगी

एमएस्सी करून परळच्या एका जेनेटिक लॅबमध्ये लागले, तेव्हा हाती आलेल्या पहिल्या काही केसेसपैकी ही एक. आठ महिन्यांचं बाळ, पापण्या ओघळलेल्या, मान धरत नाही, दूध ओढताना दमतं. नसांच्या तपासणीत एका झटक्याला स्नायूचे दोन प्रतिसाद. म्हणजे नस स्नायूला जिथे भेटते तिथे अॅसिटिलकोलीन, म्हणजे नसेचा निरोप स्नायूला पोचवणारं रसायन, रेंगाळतंय, ते फोडणारं एन्झाइम कमी पडतंय. इथवर माझं बरोबर होतं. मग थेट त्या एन्झाइमचंच जनुक, एसीएचई, घेऊन बसले. अर्धा दिवस गेला, हाती शून्य.

मॅडम म्हणाल्या, "अगं, होडी शाबूत आहे. नांगर बघ."

होडी म्हणजे ते एन्झाइम, आणि नांगर म्हणजे कोलक्यू, 3 नंबरच्या गुणसूत्रावरचं जनुक. त्यापासून कोलॅजेनच्या तीन धाग्यांची पिळदार शेपटी बनते. एकेका धाग्याला एन्झाइमचे चार रेणू, म्हणजे पूर्ण भरलेल्या शेपटीला 12. तिचं दुसरं टोक पर्लेकन आणि मस्क या प्रथिनांना धरून राहतं. शेपटी बिघडली की एन्झाइम बनतं, पण जागेवर थांबत नाही. या जनुकाचा अशा जन्मजात मायस्थेनियाशी, म्हणजे स्नायू लवकर दमण्याच्या आजाराशी, संबंध 1998 मध्ये उघड झाला.

नवीन मुलांनो, हे पाठ करण्यापुरतं नाही. मायस्थेनियाचं नेहमीचं औषध पायरिडोस्टिग्मिन उरलंसुरलं एन्झाइमही अडवतं. कोलक्यू बिघडलेल्या मुलांना त्याचा उपयोग होत नाही, उलट त्रास वाढू शकतो. एफेड्रिन किंवा दम्यातलं सालब्युटामॉल मात्र बऱ्याच जणांना लागू पडतं. रिपोर्टवर जनुकाचं नाव काय येतं, यावर गोळी बदलते.

आजार दिसायला जनुकाच्या दोन्ही प्रती, आईकडची आणि वडिलांकडची, बिघडाव्या लागतात. आमच्या बाळात दोन्हीकडे तोच बदल दिसत होता, पण फॉर्मवर 'नात्यात लग्न: नाही'. एक प्रत गायब असली तरी असंच दिसतं, म्हणून आईवडिलांचे नमुने मागवले. दोघांतही तो बदल एकेका प्रतीत सापडला. आईला पुन्हा विचारलं, तर ती म्हणाली, "नात्यात कुठलं हो? सासूबाई माझ्या सख्ख्या आत्याच!"

बरोबरच आहे तिचं. आपल्याकडे मामाची मुलगी करणं म्हणजे घरातलंच, त्याला 'नात्यातलं' कोण म्हणतं? फॉर्म छापणाऱ्याला हे सुचलं नसावं.

तेव्हापासून तो प्रश्न मी पेनने खोडते आणि बाजूला लिहिते: लग्नाआधी सासूबाई तुमच्या कोण लागायच्या?