थर्मासमधली कॉफी अकरालाच कोमट होते? या चुका टाळा

सकाळी सहाला भरलेली कॉफी अकरा वाजता कोमट लागली की आपण बाटलीला नावं ठेवतो. बऱ्याचदा बाटली चांगली असते, भरण्यात गडबड झालेली असते. थर्मास कॉफी तापवत नाही, तिच्यात असलेली ऊब फक्त धरून ठेवतो. स्टीलच्या दोन भिंतींमधली हवा काढून घेतलेली असते, म्हणून उष्णता सहजी बाहेर पडत नाही. शास्त्रज्ञ जेम्स ड्यूअर यांनी 1892 साली ही युक्ती शोधली ती प्रयोगशाळेतले अतिथंड द्रव थंड ठेवण्यासाठी.

पहिली चूक म्हणजे रात्रभर ओट्यावर पालथी पडलेली गार बाटली उचलून तिच्यात सरळ कॉफी ओतणं. आतलं गार स्टील कॉफीचीच उष्णता पिऊन टाकतं. कॉफी होईपर्यंत बाटलीत उकळतं पाणी भरा, बूचही वाटीतल्या गरम पाण्यात ठेवा. पाच मिनिटांनी पाणी ओता आणि लगेच कॉफी भरा. लहान बाटलीत एवढ्यानं दोन-तीन अंश तरी वाचतात. कॉफी आधी कपात ओतून, फेस काढून मग बाटलीत घालत असाल तर तेही थांबवा. भांड्यातून थेट बाटलीतच जाऊ दे.

मोठी बाटली अर्धी भरणं ही त्याहून मोठी चूक. उष्णता मुख्यतः तोंडातून आणि झाकणातून जाते, आणि ती बाटली भरलेली असो की अर्धी, साधारण तेवढीच जाते. कॉफी निम्मी असेल तर ती जवळपास दुप्पट वेगानं निवते. दोन कप न्यायचे तर 750 मिलीची बाटली नको, 350 ची घ्या. दिवसभराची सोय हवी असेल तर मी दोन लहान बाटल्या सुचवेन: एक सकाळसाठी, दुसरी (कोऱ्या कॉफीची) दोन वाजेपर्यंत अजिबात न उघडता. दर घोटाला झाकण उघडलं की वाफ जाते, आणि तोंड लावून प्यायलं तर तोंडातले जंतूही आत जातात. कपात ओता, बूच घट्ट लावा.

आता दुधाचं. इथे मात्र मला कळकळीनं सांगायचं आहे, कारण हा नुसता चवीचा प्रश्न नाही. दुधाची कॉफी साठ अंशांच्या खाली आली की तिच्यात जंतू वाढायला लागतात, आणि थर्मास तिला त्याच कोमटपणात तासन्‌तास ठेवतो. सकाळची दुधाची कॉफी संध्याकाळी पिऊ नका, वास आला नाही तरीही. ती दोन-तीन तासांत संपवावी. दिवसभर न्यायची असेल तर थर्मासमध्ये कोरी कॉफी किंवा फिल्टरचं गरम डिकॉक्शन (कॉफीचा दाट अर्क) न्या; दूध ऑफिसच्या फ्रिजमध्ये ठेवा किंवा दुधाची पावडर जवळ बाळगा. कॉफी नीट गाळूनच भरा. चोथा आत राहिला तर तो अर्क सोडतच राहतो आणि दुपारची कॉफी कडवट होते. गाळलेली कोरी कॉफीसुद्धा पाच-सहा तासांनंतर सकाळसारखी लागत नाही.

बाटली घासूनही वास जात नसेल तर झाकणातली रबराची रिंग काढून पाहा. चमच्याच्या दांड्यानं अलगद उचकटली की खाली तपकिरी, चिकट थर दिसेल. दूध-साखरेची कॉफी असेल तर हमखास. रिंग रोज काढून धुवा. बाटलीत एक मोठा चमचा खाण्याचा सोडा आणि गरम पाणी घालून दोन-तीन तास ठेवा, पण झाकण लावू नका, आत वायू साठून दाब येतो. तारेची घासणी आणि ब्लीच स्टील खराब करतात. धुतल्यावर बाटली उघडीच वाळू द्या.

हे सगळं करूनही कॉफी निवत असेल तर उकळतं पाणी भरा, झाकण लावा आणि पाच मिनिटांनी बाटलीच्या पोटाला हात लावा. गळ्याशी थोडं कोमट लागणं ठीक. पण पोट किंवा बूड गरम लागलं तर भिंतींमधल्या निर्वात पोकळीत हवा शिरली, बहुधा बाटली पडून पोचा आल्यामुळे. ती घरी दुरुस्त होत नाही. जुन्या काचेच्या थर्मासचा आतला भाग बदलून मिळायचा, स्टीलच्या बाटलीत ती सोय नाही. शिवाय दुकानात सगळ्याच स्टीलच्या बाटल्या दुहेरी भिंतीच्या नसतात. पहिल्या दिवसापासूनच पोट गरम लागत असेल तर ती साधी पाण्याची बाटली असू शकते.