कपलिंग दिसलं म्हणण्याआधी या चुका टाळा

दोन अतिथंड वायूंच्या मिश्रणाला ट्रॅपमध्ये, म्हणजे अणू धरून ठेवणाऱ्या सापळ्यात, धक्का दिला, अणूंचा ढग डोलायला लागला, ग्राफवर बीट (झोका आळीपाळीने लहान-मोठा होणं) पण आला, की कपलिंग, म्हणजे एक वायू दुसऱ्याची हालचाल बदलतोय हे, दिसलं, झालं आपलं काम असं वाटतं आणि तिथंच गडबड होते, कारण अतिथंड वायूत असा बीट नुसत्या वेड्यावाकड्या ट्रॅपमुळेही येऊ शकतो.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे एकेका वायूची डोलण्याची फ्रिक्वेन्सी आधी नीट न मोजणं. पॅरिसला एकोल नॉर्माल सुपेरिअर या संस्थेत 2014 मध्ये लिथियम-6 (फर्मिऑन) आणि लिथियम-7 (बोसॉन; हे कणांचे दोन प्रकार) अशी दोन सुपरफ्लुइड्स (घर्षणाशिवाय वाहणारे वायू) एकाच ट्रॅपमध्ये हलवली होती, वस्तुमान 6 आणि 7 म्हणजे फ्रिक्वेन्सीत फरक जेमतेम 8 टक्के. फर्मिऑन संख्येने कितीतरी जास्त, ते बोसॉनना रेटतात, त्यामुळे बोसॉनना ट्रॅप जरा सैल पडतो आणि त्यांची फ्रिक्वेन्सी किंचित खाली येते. हे किंचितच तर पकडायचंय! मग एकट्या बोसॉनचा आकडा त्याच दिवशी, त्याच लेझर पॉवरला घ्या, मागच्या आठवड्यातला चालणार नाही.

रन लवकर थांबवू नका. 15 हर्ट्झच्या आसपास 8 टक्के फरक म्हणजे एक बीट व्हायला पाऊण-एक सेकंद जातो, अर्ध्या सेकंदाच्या डेटात तो सरळ डॅम्पिंगसारखा (झोका विरत गेल्यासारखा) दिसतो आणि मग उगाच टेंपरेचरवर खापर फुटतं. अँप्लिट्यूड परत वर येतंय का ते बघा, तीन-चार बीट तरी होऊ द्या. आणि फोटो काढला की बहुतेकदा ढग संपतो, पुढचा पॉइंट नव्या ढगाचा, म्हणून होल्ड टाइम (धक्क्यानंतर फोटोपर्यंत थांबायचा वेळ) चढत्या क्रमाने घेऊ नका, पत्ते पिसल्यासारखे पिसून घ्या, नाहीतर उपकरणांचा दिवसभराचा ड्रिफ्ट (हळूहळू होणारा बदल) फिटमध्ये, म्हणजे डेटाला बसवलेल्या वक्रात, शिरतो.

किक, म्हणजे सुरुवातीचा धक्का, हळू द्या. दोन वायूंचा सापेक्ष वेग क्रिटिकल वेगाच्या (ज्याच्या खाली घर्षण नसतं त्या मर्यादेच्या) वर गेला की खरंच डॅम्पिंग सुरू होतं, शिवाय मोठ्या झोक्यात ढग लेझर ट्रॅपच्या कडेला जातो जिथे ट्रॅप हार्मोनिक (स्प्रिंगसारखा, अंतराच्या प्रमाणात ओढणारा) राहत नाही, मग ढगाचं सेंटर हलताना रुंदीही हलायला लागते. एकट्या ढगातच हे दिसलं तर दोष ट्रॅपचा.

ऑक्सफर्डला 2000 मध्ये ट्रॅपच्या वेगवेगळ्या दिशांच्या फ्रिक्वेन्सींचं गुणोत्तर मुद्दाम असं लावलेलं की ढगाच्या एका मोडची (डोलण्याच्या एका प्रकाराची) दुप्पट फ्रिक्वेन्सी दुसऱ्या मोडवर बसली आणि ऊर्जा तिकडे सरकली. तुमच्याकडे हे नकळत होत नाहीये ना, गुणोत्तरं काढून तपासा.

रुंदी टाइम ऑफ फ्लाइटनंतर (ट्रॅप बंद करून ढग पसरू दिल्यावर) मोजत असाल तर त्यात वेगही मिसळलेला असतो, झोक्याची फेज सरकते, म्हणून ट्रॅपमधल्या ढगाचे फॉर्म्युले तसेच न चिकटवता विस्ताराची समीकरणं फिटमध्ये घाला.