शांघायमध्ये शाकाहारी राहून सणासुदीचं खाणं कसं खावं

शांघायला राहायला आलात आणि घरी मांसमच्छी चालत नसेल, तर आधी एक गोष्ट पक्की करा: मांस डोळ्यांना दिसतं, डुकराची चरबी दिसत नाही. तिला इथे 'जूयौ' म्हणतात, आणि ती बऱ्याचदा गोड पदार्थातच लपलेली असते. त्यामुळे 'वो छ सू' (मी शाकाहारी) एवढ्यावर थांबू नका. 'यौ जूयौ मा?' असं थेट विचारा. बंद पाकीट असेल तर फोनच्या कॅमेऱ्याने घटक वाचून घ्या.

सुरुवात झोंगझीने करा. चिनी पाचव्या महिन्यातल्या पंचमीला ड्रॅगन बोटींचा सण येतो, पण झोंगझी त्याच्या कितीतरी आधीपासून दुकानात दिसायला लागतात. चिकट तांदूळ पानात गुंडाळून, दोऱ्याने करकचून बांधून उकडलेले. शेजारच्या ज्यासिंगची डुकराच्या मांसाची झोंगझी प्रसिद्ध आहे, ती आपली नव्हे. लाल कडधान्याच्या गोड पुरणाची बघून हुरळू नका, त्या पुरणातही जूयौ घालायची जुनी पद्धत आहे. आपण मागायची पांढरी, बिनसारणाची. दोरा कात्रीने कापा, पान टोकाकडून सोलत या (पान खायचं नसतं), आणि गरम असतानाच साखरेत बुडवून खा. मी वर साजूक तूप सोडते. शेजारच्या आजींना ते विचित्र वाटतं, वाटू दे. गार झाली की ती दगड होते आणि पोटातही तशीच बसते. रात्री एकाहून जास्त नको.

मूनकेक म्हणजे मध्य-शरद सणाचा, सारण भरलेला गोल केक. त्याचं गणित वेगळं. खारीसारखे पापुद्रे सुटत असतील तर तो सुझोऊ पद्धतीचा. त्या पापुद्र्यांत बहुधा जूयौच असते. वरून नक्षीचा, गुळगुळीत, तो कँटनी. त्याचं आवरण साधारणपणे साखरेचा पाक आणि शेंगदाणा तेलावर होतं. पण आत खारवलेल्या बदकाच्या अंड्याचा बलक असू शकतो, म्हणून बलक नको असेल तर कमळबीच्या साध्या सारणाचा मागा. अंडं पूर्ण वर्ज्य असेल तर आवरणावर अंड्याचा हात फिरवलाय का तेही विचारा. खात्रीचा हवा असेल तर १९२२ पासून चालणारं गोंगदलिन हे शाकाहारी उपाहारगृह गाठा. एका मूनकेकचे आठ तुकडे करायचे आणि बिनसाखरेच्या चहाबरोबर एकच खायचा. अख्खा खाणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. मध्य-शरद सण आपल्या कोजागिरीच्या महिनाभर आधी येतो किंवा त्याच रात्री. २०२५ मध्ये दोन्ही ६ ऑक्टोबरलाच होते. मसाला दूध आणि मूनकेक एकत्र मात्र नको, गोडावर गोड होतं.

तांगयुआन म्हणजे चिकट तांदळाच्या पिठाचे, सारण भरून उकडलेले गोळे. काळ्या तिळाच्या तांगयुआनमध्येही बहुधा चरबी असते, तेव्हा पाकीट वाचाच. उकळत्या पाण्यात ते वर तरंगले की झाले. पण आतलं सारण जीभ भाजतं, म्हणून आधी कडेने छोटासा घास घ्या.

कोणी घरी जेवायला बोलावलं तर 'मी देवळातलं सू खाते' असं आदल्या दिवशीच कळवा. बौद्ध मठातलं शाकाहारी जेवण सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे पुढे समजावत बसावं लागत नाही. फक्त त्यात कांदा-लसूणही नसतो. तो चालत असेल तर तेवढं वेगळं सांगा.