सुरत की पुणे? नोकरीसाठी कुटुंब हलवण्यापूर्वी निर्णय कसा करावा

खानदेशातून नोकरीसाठी बिऱ्हाड हलवायचे ठरले की बहुतेक कुटुंबांसमोर दोनच दिशा असतात. तापीच्या प्रवाहाबरोबर पश्चिमेला सुरत, नाहीतर दक्षिणेला पुण्याजवळचा चाकण-भोसरी-पिंपरीचा कारखान्यांचा पट्टा. दोन्हीकडे आपली माणसे पूर्वीपासून स्थिरावलेली असल्याने सल्ल्याला तोटा नसतो, पण लिंबायतमध्ये घर बांधलेला मामा सुरतच सांगतो आणि चिखलीत फ्लॅट घेतलेला साडू पुणेच सांगतो. प्रत्येक जण स्वतःचा जुना निर्णय बरोबर होता हे सांगत असतो, तुमच्या मुलांचे वय कोणी विचारत नाही. मी अमळनेरहून आधी सुरतेला आणि काही वर्षांनी पुण्याकडे कुटुंब हलवले, आणि त्यानंतर नात्यातील सहा-सात कुटुंबांच्या निर्णयाच्या वेळी सोबत बसलो. दोन्हीकडची नोकरी हातात आहे असे धरून पुढचे लिहितो.

सुरुवात पगारापासून करावी, पण त्यात फार दिवस घालवू नयेत. हातात येणाऱ्या रकमेतून घरभाडे, कामावर जाण्या-येण्याचा खर्च आणि वर्षातून चार वेळा सहकुटुंब गावी येण्याचे भाडे वजा करावे. उरते तेवढाच खरा पगार. सुरतेच्या लूम कारखान्यांत बारा तासांची पाळी सर्रास असते, तर चाकणकडे नोकरी कंपनीच्या पटावर आहे की कंत्राटदाराकडे, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. घरातील बाई नर्स असेल, तर गुजरातेत तिला तेथील नर्सिंग कौन्सिलकडे नव्याने नोंदणी करावी लागते, आणि मराठी माध्यमाची शिक्षिका असेल, तर सुरतेत तिच्यासाठी जागा फार थोड्या आहेत. तिचा पगार हिशेबात धरताना याचा विचार आधी झाला पाहिजे.

आता ज्या ठिकाणी मी स्वतः चुकलो, त्याविषयी. राज्याची सीमा ओलांडताना मुलांचे शिक्षण हा या संपूर्ण निर्णयाचा कणा आहे, आणि याच बाबतीत सर्वांत जास्त चुकीचे सल्ले दिले जातात.

आम्ही सुरतेला गेलो तेव्हा मोठी मुलगी नववीत होती. तिला डॉक्टर व्हायचे होते. एका खासगी शिकवणीच्या संचालकांनी मला अगदी ठामपणे सांगितले की प्रवेशाला फक्त बारावी बघतात, दहावी कुठून केली याला काही अर्थ नाही. मी त्यावर विश्वास ठेवला. तिने दहावी गुजरात बोर्डातून केली, मग आम्ही अकरावीसाठी तिला जळगावला आजीकडे ठेवले, आणि बारावीही तिथूनच झाली. गुण चांगले पडले. परंतु महाराष्ट्रातील वैद्यकीय प्रवेशाच्या 85 टक्के राज्य कोट्यासाठी अधिवास प्रमाणपत्राबरोबरच दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातील संस्थेतून उत्तीर्ण असाव्या लागतात. तिची दहावी बाहेरची होती. गुजरातेत प्रवेश मागावा, तर तिथलीच बारावी लागते, आणि ती आमच्याकडे नव्हती. तेलही गेले, तूपही गेले, अशी आमची अवस्था झाली. सरकारी महाविद्यालयांतील 15 टक्के अखिल भारतीय कोटा तेवढा उरला, आणि तिथे तिचे गुण कमी पडले. तिने पुढे बी.एस्सी. केले आणि ती समाधानी आहे, पण नियमपुस्तिका मी दोन वर्षे आधी उघडली असती, तर हा प्रसंगच आला नसता. याची टोचणी मला आजही आहे.

म्हणून माझे मत पक्के आहे. मूल पाचवी-सहावीपर्यंत असेल, तर दोन्ही दिशा मोकळ्या आहेत. त्या वयात मुले गुजराती लवकर शिकतात आणि देवनागरी येणाऱ्याला ती लिपी जड जात नाही. सुरत महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, मात्र गुजरातच्या 2023 च्या कायद्यानुसार पहिली ते आठवीपर्यंत गुजराती विषय सर्व शाळांत सक्तीचा आहे, हे लक्षात ठेवावे. मूल सातवी-आठवीत असेल आणि वैद्यकीयचा विचार घरात एकदाही बोलला गेला असेल, तर सुरतेला जायचेच असल्यास नववीच्या जूनपूर्वी परत येण्याची तयारी ठेवून जावे. नववी-दहावीत असेल, तर सुरत सोडून द्यावी, पगार दहा हजारांनी जास्त असला तरीही. अभियांत्रिकीच्या प्रवेशात आई किंवा वडील महाराष्ट्राचे अधिवासी असल्यास बाहेरून शिकलेल्या मुलालाही राज्याचा उमेदवार म्हणून वाट आहे, त्यामुळे तिथे एवढे घाबरण्याचे कारण नाही. मात्र हीच सवलत वैद्यकीयलाही आहे असे सांगणारे भेटतील, त्यांचे ऐकू नये. केंद्र सरकारच्या सेवेत किंवा सैन्यात असलेल्यांच्या मुलांसाठी काही अपवाद आहेत, खासगी नोकरदारासाठी ते नाहीत. राज्याच्या सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) कक्षाची त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी, पात्रतेचे प्रकरण दोनदा वाचावे.

याच गुंत्याचा दुसरा धागा जातीच्या दाखल्याचा आहे, आणि नंदुरबार-धुळ्याकडील आदिवासी कुटुंबांसाठी तो अधिक महत्त्वाचा आहे. एका राज्यातील अनुसूचित जातीची किंवा जमातीची व्यक्ती नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात गेली, तर त्या दुसऱ्या राज्याच्या आरक्षणाचा लाभ तिला मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्ये स्पष्ट केले आहे. पुण्याला गेल्यास हा प्रश्नच उद्भवत नाही. सुरतेला जाणार असाल, तर मुलांच्या जातीच्या दाखल्याची पडताळणी, म्हणजे जात वैधता, होईल तेवढी गावी असतानाच मार्गी लावावी, कारण आजोबांचा शाळेचा दाखला, महसुली उतारे आणि साक्षीला उभी राहणारी वडीलधारी माणसे गावातच असतात. दूर राहून प्रत्येक सुनावणीसाठी रजा टाकणे फार महाग पडते.

गावचे अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर ही गावे थेट सुरतेच्या रेल्वेमार्गावर आहेत, त्यामुळे तिथल्या माणसाला सुरत घराच्या अंगणासारखी आहे. चाळीसगाव, पाचोरा, भडगावच्या माणसाला मात्र पुण्याचा प्रवास सोयीचा पडू शकतो. वडील एकटे असतील, कापसाची वेचणी किंवा केळीची कापणी डोळ्यांसमोर व्हायला हवी असेल, तर मध्यरात्री फोन आल्यावर सकाळपर्यंत घरी पोहोचता येते का, एवढेच विचारावे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आणि श्रावणातल्या कानबाईच्या सणाला सुट्टी मिळेल का, हेही नोकरी स्वीकारण्यापूर्वीच विचारून घ्यावे. आमच्या घरात हा प्रश्न मागाहून निघाला आणि दोन वर्षे कानबाईचे रोट, म्हणजे घराण्याने एकत्र करायचा नैवेद्य, आमच्याविना झाले.

घर पाहायला पावसाळ्यात जावे. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा मोठा भाग बुडाला होता, आणि लिंबायतच्या बाजूला खाडीचे पाणी आजही वस्तीत शिरते. तळमजला घेऊ नये. पिंपरी-चिंचवडमध्ये 2019 च्या अखेरीपासून नळाला दिवसाआड पाणी येते, म्हणून इमारतीची टाकी आणि उन्हाळ्यातील टँकरचा खर्च कोण देतो, हे शेजाऱ्यांना विचारावे, घरमालकाला नव्हे.

रेशन कार्ड देशभर चालते, भविष्यनिर्वाह निधी यूएएन या कायम खाते क्रमांकावर वळतो, गॅसची जोडणी बदलून मिळते. त्याची काळजी करू नये.

सुरतेचे ठरल्यास शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी निघण्यापूर्वीच घेऊन ठेवावी. ती नसल्याने परराज्यातील शाळेत प्रवेश अडतो आणि एका सहीसाठी पुन्हा जिल्ह्याच्या ठिकाणी यावे लागते. हे काम निकालानंतरच्या पहिल्या आठवड्यात उरकावे, कारण जूनमध्ये त्या टेबलापुढे रांग असते.