ग्लन-ए जनुकाचा नियंत्रक भाग शोधण्याआधीची तयारी

पिपेट, टिप्स, बर्फ तुम्ही घ्यालच. आधी अमोनियम बघा. ई. कोलाय जिवाणूत ग्लुटामिन सिंथेटेज हे एन्झाइम बनवणारं ग्लन-ए जनुक नायट्रोजनची चणचण भासली की जोरात चालतं. फ्लास्कमध्ये अमोनियम उरलं, तर चणचणच नाही. एम-९ या माध्यमाला मिनिमल (किमान पोषणाचं) म्हणतात म्हणून वापरू नका, त्यात लिटरला १ ग्रॅम अमोनियम क्लोराइड असतं. नायट्रोजन नसलेले क्षार, ०.४ टक्के ग्लुकोज, ०.२ टक्के ग्लुटामिन घ्या. तुलनेच्या फ्लास्कमध्ये वर ०.२ टक्के अमोनियम सल्फेट. ग्लुटामिन ऑटोक्लेव्ह करू नका. ताजं बनवून फिल्टर करा, शिळ्या द्रावणात ते तुटतं आणि पुन्हा अमोनियाच सुटतो. रात्रभर एलबी या भरपूर पोषणाच्या माध्यमात वाढलेलं कल्चर तसंच ओतू नका, सोबत अमिनो आम्लं जातात. नायट्रोजनविरहित क्षारांनी पेशी दोनदा धुवा. एकदा नाही, दोनदा.

डीएनएचा तुकडा लांब घ्या, एटीजीच्या (जिथून प्रथिन बनायला लागतं ती खूण) आधीचे निदान ५०० बेस, म्हणजे डीएनएची अक्षरं. प्रमोटर म्हणजे जिथून आरएनए पॉलिमरेज जनुक वाचायला लागतं ती जागा, सिग्मा म्हणजे त्याला ती जागा दाखवणारा घटक. सिग्मा-५४चा प्रमोटर पी-२ एटीजीच्या ७३ बेस आधी सुरू होतो, सिग्मा-७०चा पी-१ १८७ बेस आधी. एनटीआरसी (पी-२ चालू करणारं प्रथिन) बसण्याच्या दोन भक्कम जागा पी-२च्या आरंभापासून -१०८ आणि -१४०च्या (उणे म्हणजे तितके बेस आधी) आसपास आहेत. १५० बेसच्या तुकड्यात पी-२ येईल, या जागा नेमक्या तुटतील. त्या हजारावर बेस दूर नेल्या तरी काम करतात, हे रायट्झर आणि मागासानिक यांनी १९८६मध्ये दाखवलं. म्हणून इतर जनुकांतही शोध प्रमोटरपाशीच थांबवू नका. संगणकावर -२४ला जीजी, -१२ला जीसी आणि मध्ये बरोबर १० बेस शोधा. एका बेसचा फरक पडला तरी प्रमोटर मेला समजा.

प्रमोटर किती चालतो ते मोजायला त्याला लॅकझेड जनुक जोडा. ही जोडणी गुणसूत्रावर, एकाच प्रतीत करा. जास्त प्रतींच्या प्लाझ्मिडवर (गुणसूत्राबाहेरचं छोटं डीएनए) एनटीआरसी वाटलं जाऊन आकडे फसवतात. यजमानात स्वतःचं लॅकझेड नको. एनटीआरसी नसलेला आणि सिग्मा-५४ नसलेला, दोन्ही स्ट्रेन हवेतच. दुसऱ्याला सगळ्या माध्यमांत ग्लुटामिन लागतं.

लॅकझेडची मोजणी ओडी (कल्चरचा गढूळपणा) ०.३ ते ०.५ला. दोन्ही फ्लास्क सारखेच दिसले तर प्रमोटरला दोष देण्याआधी क्षारांच्या बाटलीवरचं लेबल वाचा, अमोनियम तिथेच सापडतं.

पुढे आरएनए नेमका कुठून सुरू होतो तो आरंभबिंदू शोधायला ५-प्राइम रेस ही पद्धत. जेल शिफ्टला (प्रथिन डीएनएला चिकटतं का ते बघणारी चाचणी) एनटीआरसी अॅसिटिल फॉस्फेटने फॉस्फरिलेट करून घ्या, भलतीकडे चिकटणं टाळायला पॉली डीआय-डीसी हा कृत्रिम डीएनए घाला. मग प्रथिन नेमकं कुठे बसतं ते दाखवणारा फूटप्रिंट, मग -२४चे जीजी बदलून पुन्हा लॅकझेड. आणि त्या वेळीही पेशी धुवून.