गोधडीचे चौकोन एका मापाचे येण्यासाठी

एलजीबीटी इतिहासाची सामूहिक गोधडी करताना खरी अडचण जोडणीत येते: प्रत्येकाचा चौकोन वेगळ्या मापाचा. भरतकामाने कापड आकसतं, आणि कडेपर्यंत लिहिलेलं शिलाईत जातं. आमच्या एका चौकोनावर स्टोनवॉलचं, म्हणजे पोलिसांच्या छाप्याविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये झालेल्या एलजीबीटी लोकांच्या उठावाचं साल होतं, १९६९. त्यातला शेवटचा ९ अर्धा दुमडीत गेला. करणाऱ्याने तो आकडा उसवून पुन्हा भरला, आणि मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून कापड आम्हीच कापून देतो.

१. सुती कापड आधी धुऊन, इस्त्री करून घ्या. नवा रंग नंतर उतरला तर शेजारचे चौकोनही खराब होतात.
२. १४ इंचांचे चौकोन कापा. मधोमध ११ इंचांची चौकट धुतल्यावर जाणाऱ्या पेनाने आखा. मजकूर, चित्र, भरतकाम सगळं त्या चौकटीच्या आतच.
३. परत आल्यावर उलट्या बाजूने इस्त्री करून, चौकट मध्यावर धरून साडेबारा इंचांना कापा. पाव इंचाच्या शिलाईने बरोबर १२ इंच उरतात.

मोर्चात घातलेला जुना टी-शर्ट कोणी दिला तर जरूर घ्या, असे तुकडे सगळ्यांत बोलके. फक्त कापण्याआधी मागे इस्त्रीने चिकटणारं अस्तर लावा, नाहीतर ते कापड ताणतं.

हयात व्यक्तीचं नाव किंवा फोटो तिला विचारल्याशिवाय घालू नका. घरी न सांगितलेली गोष्ट गोधडीवरून कळता कामा नये.