काचणार नाहीत असे कपडे कसे निवडावेत: लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनसाठी

आंघोळीचा पहिला तांब्या अंगावर घेतला आणि माझ्या तोंडून किंकाळीच निघाली. 80 किलोमीटर सायकल आणि उतरल्याबरोबर 10 किलोमीटर धावणं, असा रविवारचा सराव करून मी घरी आले होते. छातीखाली, ब्राच्या इलॅस्टिकची पट्टी जिथे बसते तिथे, बोटभर रुंदीची कातडी सोलवटली होती. धावताना कळलंही नव्हतं. पुढचा आठवडाभर पोहणं बंद, कारण क्लोरीनचं पाणी त्या जागेला सहन होत नव्हतं. तीच ब्रा दुकानात घालून पाहिली तेव्हा अगदी मापात बसली होती.

तेव्हापासून मी कपडे एकाच कसोटीवर निवडते. कोरडा असताना कपडा कसा वाटतो याला फारसा अर्थ नाही. पाण्यात भिजून, घामाने खारवून तीन तास अंगावर राहिल्यावर तो कसा वाटतो, ते बघायचं. आयर्नमॅन म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायची लांब पल्ल्याची ट्रायथलॉन, आणि हाफ म्हणजे तिचं निम्मं अंतर. हाफ आयर्नमॅनच्या 90 किलोमीटर सायकलिंगला साडेतीन तास लागले आणि मिनिटाला 80 वेळा पेडल फिरलं असं धरलं, तर मांडी एकाच शिवणीवर जवळजवळ 17 हजार वेळा घासते. त्यानंतर 21.1 किलोमीटर धावायचं असतं.

पायरी 1: आधी रेस समजून घ्या, मग दुकानात जा

पहिला प्रश्न पाण्याचा. गोव्यातली आयर्नमॅन 70.3 (म्हणजे हाफच) पहिल्यांदा 2019 च्या ऑक्टोबरमध्ये पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर झाली. आपल्याकडच्या कित्येकांची पहिली मोठी रेस तीच असते. तिथलं पाणी कोमट, त्यामुळे वेटसूटचा, म्हणजे थंड पाण्यात ऊब देणाऱ्या जाड रबरी सूटचा, विचारच नको. युरोपातल्या थंड तळ्यातल्या रेसची गोष्ट वेगळी. आयर्नमॅनच्या नियमांप्रमाणे हौशी स्पर्धकांना 24.5 अंश सेल्सियसपर्यंतच्या पाण्यात वेटसूट चालतो. त्याच्या वर 28.8 अंशांपर्यंत घालता येतो, पण मग वयोगटाच्या बक्षिसांवर हक्क राहत नाही. 28.8 च्या पुढे पूर्ण बंदी. सूटची जाडी कुठेही 5 मिलिमीटरपेक्षा जास्त नको.

दुसरा प्रश्न वेळेचा. हाफमध्ये 1.9 किलोमीटर पोहणं, 90 सायकल आणि 21.1 धावणं असतं. फुलमध्ये हे सगळं दुप्पट. मिलिंद सोमण यांनी 2015 मध्ये झुरिकची फुल आयर्नमॅन 15 तास 19 मिनिटांत पूर्ण केली. एवढे तास कपडे अंगावर राहणार असतील, तर निवड वेगाकडे बघून करायची की आरामाकडे बघून, हे ज्याचं त्यानं आधीच ठरवावं. पहिल्या फुलला आराम, असं माझं ठाम मत आहे.

रेसचं अॅथलीट गाइड मात्र शब्दन् शब्द वाचा. वेटसूट नसताना पोटऱ्यांवरचे कॉम्प्रेशन स्लीव्हज, कोपराखाली जाणाऱ्या बाह्या यांवर बंधनं असतात आणि नियम बदलतही असतात.

पायरी 2: एकच सूट की मध्ये कपडे बदलायचे?

हाफसाठी ट्रायसूट घ्या. त्यावरच पोहायचं, त्यावरच सायकल, त्यावरच धावणं. ओल्या अंगावर कोरडा कपडा चढवणं किती अवघड असतं, ते एकदा घरी आंघोळ झाल्यावर अंग न पुसता घट्ट टी-शर्ट घालून बघा. तो काखेत गुंडाळून अडकतो, ना वर जात ना खाली.

फुलसाठी मात्र बदलण्याचा विचार जरूर करा. 180 किलोमीटर सीटवर बसायचं आहे. पोहून आल्यावर चेंजिंग टेंटमध्ये पाच-सात मिनिटं घालवून जाड पॅडची बिब शॉर्ट्स (खांद्यांवर पट्टे असलेली सायकलची शॉर्ट्स) आणि जर्सी घातली, आणि सायकलनंतर पुन्हा धावण्याचे कपडे घातले, तर 17 तासांच्या मुदतीत ती मिनिटं कुठेच दिसत नाहीत. बदलायचं असेल तर बॅग भरतानाच जर्सी खालून वर गळ्यापर्यंत गुंडाळून ठेवा. डोकं आणि हात आधी घालायचे, मग ती गुंडाळी पाठीवरून खाली सोडायची. टॉवेलही मोठा नको, पण हवाच.

पायरी 3: माप वाकून बघा

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. ट्रायसूट घालून आरशासमोर ताठ उभं राहायचं आणि "छान बसला" म्हणून पैसे द्यायचे. पण या सूटमध्ये तुम्ही ताठ उभे राहणार आहात ते फक्त फोटोपुरते!

उभं असताना सूट खांद्यावर किंचित ओढल्यासारखा वाटला पाहिजे. मग खुर्चीवर बसा, पुढे वाका, सायकलचं हॅन्डल धरल्यासारखे कोपर गुडघ्यांजवळ आणा. आता ती ओढ गेली पाहिजे. उभं असतानाच सैल वाटणारा सूट वाकल्यावर पोटाशी गोळा होतो आणि पाण्यात त्याच घडीत पाणी भरतं. त्यानंतर दोन्ही हात डोक्यावर नेऊन फ्रीस्टाइलचे 20-25 स्ट्रोक मारा. काखेतली शिवण टोचली तर सूट परत ठेवा. ती पुढे सैल होईल, या आशेवर घेऊ नका.

मग सूट उलटा करून आतल्या शिवणींवरून बोटाची मागची बाजू फिरवा. चांगली शिवण सपाट असते, बोटाला उंचवटा लागत नाही. गळ्याशी चेनचं टोक जिथे संपतं तिथे कापडाची छोटी टोपी आहे का, तेही बघा. मानेवरचं बहुतेक काचणं तिथूनच सुरू होतं.

मांडीवरच्या ग्रिपरने, म्हणजे कापड जागेवर धरणाऱ्या कडेच्या पट्टीने, रक्त अडवल्यासारखा वळ उमटता कामा नये. पण तो इतका सैलही नको की पेडल मारताना कापड वर चढेल. कापड वर चढलं की मांडीला मांडी घासते, आणि उन्हाळ्यात सोलापूरकडे धावणाऱ्यांना ती आग वेगळी सांगायला नको.

कापड पॉलिस्टर किंवा नायलॉनमध्ये लायक्रा घातलेलं घ्या. कॉटन नको, सरावालासुद्धा नको. ते घाम पितं आणि जड होऊन अंगावर लोंबतं. पांढरा किंवा फिका रंग उन्हाला बरा, पण ओला झाल्यावर आरपार दिसतो. दुकानात बाही तळहातावर ताणून उजेडाकडे धरा, म्हणजे कळेल.

बाह्या हव्यात की नकोत? गोव्याच्या उन्हात मी बाह्यांचाच सूट घालते. खांदे भाजले की रात्री झोप लागत नाही. बाहीमुळे खांद्यात अडकल्यासारखं वाटत असेल तर बिनबाह्यांचा सूट घेऊन सायकलवर वेगळे आर्म स्लीव्हज चढवा. ते पाण्याने भिजवत राहिलात तर वाऱ्याने हात गार राहतात.

पायरी 4: पॅड

सायकलिंगच्या शॉर्ट्सचं पॅड जाड फोमचं असतं. पाण्यात ते स्पंज होतं आणि धावताना दोन पायांमध्ये ओलं लंगोट बांधल्यासारखं वाटतं. ट्रायसूटचं पॅड पातळ असतं, लवकर निथळतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते अपुरं वाटतं आणि आतून अंडरवेअर घालायचा मोह होतो. घालू नका. अंडरवेअरची शिवण नेमकी हाड आणि सीट यांच्या मधे येते.

पातळ पॅडवर दोन तासांच्या पुढे बसवत नसेल तर सूट बदलण्याआधी सायकलचं फिटिंग करून घ्या. सीटची उंची थोडी जास्त असली तरी कंबर डावी-उजवीकडे डोलते आणि कातडी घासते. कुठल्याही पॅडने ते झाकलं जात नाही.

पायरी 5: बायकांसाठी, मोकळेपणाने

हे आमच्या गटात पुरुष कोच सांगत नाहीत, म्हणून मीच लिहिते. स्पोर्ट्स ब्रा हुकाची नको आणि पाठीवर गाठ किंवा जाड जोड असलेली नको. सूटच्या आत ब्रा शिवलेली असेल तर तिच्यावर विसंबण्याआधी उड्या मारून बघा. मला ती धावण्यासाठी कधीच पुरत नाही. खालची पट्टी रुंद आणि मऊ हवी. हार्टरेटचा पट्टा लावत असाल तर तो त्या पट्टीच्या खाली यावा, तिच्यावर चढता कामा नये. दोन इलॅस्टिकं एकावर एक आली की काचणं ठरलेलंच.

एकसंध सूट घातला की बाथरूमला जाताना तो अख्खा खांद्यांवरून उतरवावा लागतो, आणि ओला सूट पुन्हा वर चढत नाही. म्हणून फुलसाठी टॉप आणि शॉर्ट्स वेगळे असलेला टू-पीस मला जास्त सोयीचा वाटतो. टॉप लांब हवा, नाहीतर सायकलवर कमरेची उघडी पट्टी भाजून निघते.

पाळीच्या दिवसांत पोहताना पॅड चालत नाही. ते पाणी शोषून फुगतं. मेन्स्ट्रुअल कप किंवा टॅम्पॉन वापरायचं असेल तर त्याची सवय तीन-चार महिने आधी करा. सीटवर बसून दोन-तीन तास सायकल चालवूनही बघा, कारण कपची दांडी टोचते का हे तिथेच कळतं.

पायरी 6: काय, कुठे चोपडायचं

मान, काखा, मांड्यांच्या आतली बाजू, ब्राची पट्टी, हार्टरेटच्या पट्ट्याची जागा. पुरुषांनी स्तनाग्रांवर कागदी मेडिकल टेप लावावी, तीही कोरड्या अंगावर, सकाळी घरूनच. खोबरेल तेल आपल्या हाताशी असतं, पण ते पहिल्या तासातच वाहून जातं. व्हॅसलीन जास्त टिकतं. वेटसूट घालणार असाल तर मात्र व्हॅसलीन टाळा, त्याने निओप्रीन, म्हणजे सूटचं रबर, खराब होतं. तिथे ट्रायथलॉनसाठीची अँटी-चेफ स्टिक, म्हणजे काचू नये म्हणून अंगावर फिरवायची कांडी, घ्या. सनस्क्रीन आधी मुरू द्या आणि स्निग्ध काहीही त्यानंतर लावा. हात पुसल्याशिवाय गॉगलला हात लावू नका; काचेवर एकदा बोट उमटलं की पूर्ण पोहणं धुक्यात जातं.

वेटसूट चढवताना नखांनी ओढू नका, त्याने फाटतो. पावलावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवली की पाय सरकन आत जातो.

पायरी 7: पाय

मिरामारसारख्या किनाऱ्यावरून वर आलात की बोटांच्या बेचक्यांत वाळू असते. ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे पोहणं संपवून सायकल घेतो त्या जागी, सायकलजवळ पाण्याची जुनी बाटली ठेवा, पाय धुवा, छोट्या फडक्याने बेचक्या पुसा, मगच मोजे घाला. मोजे आतून पावडर टाकून, टाचेपर्यंत उलटून ठेवले की ओल्या पायावरही चढतात. वेळ वाचवायला मोजे न घालणारे असतात. हाफमध्ये तसं करू नका, 21 किलोमीटरला फोड येतोच. फुलसाठी धावण्याच्या बॅगेत दुसरी कोरडी जोडी ठेवा.

अजून एक गोष्ट मला फार उशिरा कळली. उन्हात प्रत्येक एड स्टेशनवर आपण डोक्यावर पाणी ओततो. ताठ उभं राहून ओतलं तर ते पाठीवरून, मांडीवरून सरळ बुटात उतरतं आणि चार-पाच किलोमीटरमध्ये तळवे पांढरे पडून सुरकुततात. कमरेतून पुढे वाका, मान खाली घाला आणि मग ओता. पाणी जमिनीवर पडतं, बूट कोरडे राहतात. टोपी जाळीची आणि पुढे झाप असलेली घ्या.

पायरी 8: रंगीत तालीम

रेसच्या चार ते सहा आठवडे आधी एक पूर्ण दिवस राखून ठेवा. आम्ही कोल्हापूरकर राजाराम तलावावर जमतो. तुमच्या गावात तलाव नसेल तर घरी सूट घालून अंगावर दोन बादल्या पाणी घ्या आणि तसेच ओले सायकलवर बसा. त्याच सूटमध्ये, त्याच ब्रामध्ये, त्याच मोज्यांत तीन तास सायकल आणि तासभर धावणं. खिशात खायचे एनर्जी जेल भरलेले असू द्या, कारण भरलेला खिसा सूट मागे ओढतो आणि गळा काचतो. रेसचा नंबर लावायचा पट्टाही कमरेला बांधा.

घरी आल्यावर आंघोळीआधी आरशासमोर उभं राहून लाल झालेल्या जागा बघा आणि वहीत लिहा. मी साधी माणसाची आकृती काढून त्यावर खुणा करते. पुढच्या वेळी तिथेच जास्त स्टिक लावायची, किंवा कपडाच बदलायचा. दोन तालमींत एकाच जागी खूण आली तर तो कपडा रेसला नको, कितीही महाग असो. ओल्या सूटमध्ये गप्पा मारत चहा पीत बसू नका. बसायच्या जागी पुळ्या येतात त्या तिथूनच. पुळी मोठी होऊन दुखू लागली किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवा.

पायरी 9: धुणं

समुद्रातून आल्याबरोबर सूट गोड्या पाण्यात खळबळून काढा. घरी सौम्य साबणाने हाताने धुवा, पॅड पिळू नका, दाबून पाणी काढा. कपडे मऊ करणारं लिक्विड वापरू नका, त्याने कापडाची घाम बाहेर टाकण्याची ताकद जाते. उलटा करून सावलीत वाळत घाला. पावसाळ्यात पॅड आतून ओलसर राहतं, तेव्हा पंख्याखाली ठेवा.

रेसचा सूट रोजच्या स्विमिंग पूलला नेऊ नका. क्लोरीन लायक्रा खातं. पूलसाठी जुना पोहण्याचा पोशाख वेगळा ठेवा. आणि दर सीझनच्या सुरुवातीला रेसचा सूट बसण्याच्या जागी दोन्ही हातांनी ताणून खिडकीच्या उजेडात धरा. पलीकडचं दिसायला लागलं की तो सूट यापुढे घरातल्या ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी सायकल चालवायच्या स्टँडवर, वापरायचा.